‘ड’ आणि ‘ढ’ यांच्यामध्ये एक मास्तर असतो

१९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून एक विद्यार्थी मॅट्रिक झाला. गुण ७५० पैकी २८२. भागाकार करा, ३७.६ टक्के येतात. आपल्या राज्यात पहिली ते आठवीच्या मूल्यमापनात ३३ ते ४० टक्क्यांना ‘ड’ श्रेणी देतात. म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर हा विद्यार्थी आज हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत असता, तर त्याच्या प्रगतिपत्रकावर ‘ड’ पडला असता आणि ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात गुरुजींनी काहीतरी लिहिले असते. काय लिहिले असते? ‘अभ्यासाकडे लक्ष द्यावे’? ‘घरी सराव घ्यावा’? मुळाक्षरांत ‘ड’च्या पुढचे अक्षर ‘ढ’ आहे. त्या दोन अक्षरांच्या मध्ये जो उभा असतो, त्याच्याविषयी मला बोलायचे आहे.

या विद्यार्थ्याकडे त्या काळातही दोन नजरांनी पाहिले गेले. साताऱ्याच्या शाळेत तो घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत असे, आणि शिपाई नसेल तर पाणी नसे. मुंबईत त्याला फळ्यापाशी बोलावले तेव्हा वर्गातली पोरे फळ्यामागचे आपले डबे उचलायला धावली. त्याला संस्कृत शिकायचे होते, ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. दुसरी नजर कृष्णराव अर्जुन केळुसकरांची. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी पुस्तक घेऊन बसणारा मुलगा त्यांना दिसला. तो मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या सभेत त्यांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले, आणि पुढे बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती मिळावी म्हणून शब्द टाकला. केळुसकरांनी गुणपत्रिकेआधी वाचणारे पोरगे पाहिले होते.

जयंतीच्या भाषणात आपण ही गोष्ट गोड करून सांगतो आणि पुढे जातो. त्यातला हिशेब मात्र कोणी मांडत नाही. ज्या शाळेत तो रोज जात होता, तिथे त्याच्या डोक्याची खरी किंमत करणारा भेटणे अवघड, आणि ती करणारा माणूस भेटला एका बागेत, योगायोगाने. जी पोरे त्या बागेत गेली नाहीत त्यांचे काय झाले असेल?

शिक्षक जातीयवादी आहेत एवढेच सांगायचे असते तर मी हा लेख लिहिला नसता. ते आपण व्यासपीठावरून म्हणतो, टाळ्या पडतात आणि सोमवारी शाळा पूर्वीसारखीच भरते. माझे म्हणणे असे आहे की शाळेत लेकराचा निकाल परीक्षेच्या आधी लागतो. तो रोज थोडा थोडा लागतो. कुठे बसवले, कुणाला विचारले, कुणाचे उत्तर पुरे होऊ दिले, कुणाचा फॉर्म भरला, वहीत काय लिहिले, यातून लागतो. या निकालाला जावक क्रमांक नसतो आणि त्याच्यावर अपील नसते. आपली चळवळ अजून तिथपर्यंत पोचलेली नाही.

परीक्षा मंडळाला यातले मर्म केव्हाच कळले आहे. दहावी-बारावीची उत्तरपत्रिका तपासायला जाते तेव्हा तिच्यावर नाव नसते, बारकोड असतो, आणि तपासणारा परका असतो. कारण नाव आणि शाळा कळली की तपासणाऱ्याचा हात हलू शकतो, हे मंडळाने गृहीत धरले आहे. त्यात कुणा शिक्षकाला आपला अपमान वाटत नाही. मग त्याआधीची नऊ वर्षे? तिथे तपासणाऱ्याला नाव माहीत, आडनाव माहीत, वस्ती माहीत, बाप कोणत्या कारखान्यावर ऊसतोडीला जातो ते माहीत, आई कुणाच्या हळदीत निंदायला जाते तेही माहीत. हजेरीत नावापुढे प्रवर्ग लिहिलेला. या नऊ वर्षांत पडदा कुठेच नाही, आणि माणसाचे स्वतःविषयीचे मत तर याच नऊ वर्षांत घट्ट होते.

२०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. मी त्याच्या विरोधात नाही. तीन तासांच्या एका पेपरवर लेकराचे नशीब ठरू नये, हे बरोबरच. पण त्याची वजने पाहा. पहिली-दुसरीत शंभरातले ७० गुण आकारिक मूल्यमापनाचे, तिसरी-चौथीत ६०, पाचवी-सहावीत ५०, सातवी-आठवीत ४०. आकारिक म्हणजे दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, वर्गकार्य, छोटी चाचणी. यातल्या निम्म्या गोष्टींना उत्तरपत्रिकाच नसते. गुरुजींच्या डोळ्याला जे दिसले आणि कानाला जे ऐकू आले ते गुण. लेकरू जितके लहान, तितका हा वाटा मोठा. नव्या शैक्षणिक धोरणातले समग्र प्रगतिपत्रक तर शिक्षकाच्या शेऱ्याला आणखी जागा देणारे आहे.

त्यातच वर्णनात्मक नोंदी येतात. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक असे रकाने असतात. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर या नोंदींच्या तयार याद्या फिरतात आणि सत्र संपायच्या आठवड्यात त्यातली वाक्ये वहीत उतरतात. एवढी वाक्ये समोर असताना कोणते वाक्य कुणाच्या नावापुढे जाते? कधी संधी मिळाली तर नोंदवही हातात घ्या आणि नुसती विशेषणे वाचत जा. एकीकडे ‘प्रश्न विचारतो’, ‘स्वतःचे मत मांडतो’, ‘नेतृत्वगुण आहेत’. दुसरीकडे ‘शांत बसतो’, ‘सांगितलेले काम करतो’, ‘गायन व नृत्याची आवड’, ‘परिसर स्वच्छतेत आवडीने भाग घेतो’. हे शेवटचे वाक्य आमच्या वस्तीतल्या पोराच्या नावापुढे वाचले की पोटात गोळा येतो. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेलही. त्याच्या हाताला तसे वळण पडलेले असते, आणि ते वळण त्याच्याही आधीचे आहे.

हे मी एकट्याच्या संशयावरून म्हणत नाही. समाजशास्त्र शिकताना पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचे एक काम वाचले होते. पॅरिसमधल्या तत्त्वज्ञानाच्या एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थिनींसाठी ठेवलेली १५४ कार्डे त्याने आणि त्याच्या सहकारी संशोधिकेने तपासली. त्यात गुण होते, शेरे होते आणि मुलींच्या आईवडिलांचा व्यवसायही होता. १९७५ साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा, की गुण सारखे असले तरी शेरा सारखा नाही. साध्या घरातल्या मुलीला कष्टाळू, रटाळ, बेताची असे शब्द, आणि मोठ्या घरच्या मुलीला त्याच गुणांवर मऊ आणि चढते शब्द. तिथे जात नव्हती, गोरा शिक्षक आणि गोऱ्या विद्यार्थिनी होत्या. आपल्याकडे वर्गाच्या जोडीला अडीच हजार वर्षांची उतरंड आहे, तेव्हा इथला शेरा किती तोलून लिहिला जात असेल याचा अंदाज करा. मराठीतल्या नोंदवह्यांवर असे काम कुणी पीएच.डी.साठी हाती घ्यावे, अशी मला फार इच्छा आहे. आपल्या पोरांना विषय मिळत नाहीत म्हणतात. हा घ्या.

यावर एक उत्तर तयार असते. शिक्षक तर गुण वाटतात, भेदभाव कसला? त्यात तथ्य आहे, म्हणून ते बाजूला सारता येत नाही. दहावीच्या २०१९ च्या परीक्षेत भाषा विषयांचे शाळेच्या हातातले तोंडी परीक्षेचे गुण काढून घेतले, आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत दिले गेले, आणि २०२० ला निकाल ९५.३० टक्के लागला. म्हणजे शाळेच्या हातातले गुण ढिले असतात हे उघड आहे. पण ज्याला काही येणारच नाही असे ठरवले आहे, त्याला वीसातले अठरा देऊन टाकणे ही कोणती माया? ‘जाऊ द्या, पास करून टाका, याला कुठं कलेक्टर व्हायचंय’ हे वाक्य मी शिक्षक-खोलीत हसत हसत बोललेले ऐकले आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ प्रमाणे प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्याला लागेल ते जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. ते करायला वेळ द्यावा लागतो. अठरा गुण द्यायला एक रेघ पुरते.

आता वर्गात कोण कुठे बसते ते पाहू. आमच्या जिल्ह्यात नर्सी हे नामदेवांचे गाव आणि औंढ्याला नागनाथाचे देऊळ. आख्यायिका सगळ्यांना पाठ आहे. पुजाऱ्यांनी शिंप्याच्या नामदेवाला देवळासमोरून उठवले, तो मागे जाऊन कीर्तन करू लागला, आणि देऊळच त्याच्याकडे फिरले. देऊळ फिरते यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण ज्या लोकांनी ही गोष्ट रचली आणि सातशे वर्षे जपली, त्यांना एवढे नक्की कळत होते की माणसाला मागे बसवणे हा अन्याय आहे आणि त्यात फिरायचे कुणी ते मागे बसलेल्याने ठरवायचे नसते. औंढ्याची यात्रा करून आलेले गुरुजी दुसऱ्या दिवशी वर्गात हुशारांची ओळ पुढे आणि ‘अप्रगत’ मागे अशी बैठक लावतात. त्यांना त्यात विसंगती दिसत नाही. ‘अप्रगत’ हा शब्द तर सरकारने दिला. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात चाचण्या झाल्या, याद्या झाल्या, आणि मदतीसाठी केलेली यादी पोरांच्या तोंडी शिवी होऊन बसली. ‘ए अप्रगत’ अशी हाक मधल्या सुट्टीत ऐकू येते.

जात उघड सांगण्याची जागाही वर्गच आहे. ‘स्कॉलरशिपवाले उभे राहा.’ ‘बँक पासबुकाची झेरॉक्स न आणलेले एससी, एसटी कोण?’ पाचवी ते दहावीच्या मुलींसाठी सावित्रीबाईंच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, आणि तिच्यासाठी मुलीला साठ जणांपुढे उभे करायचे. पैसा हक्काचा आहे. तो देण्याची रीत अशी, की बाकीच्या पोरांना ‘सरकारचे जावई’ हा शब्द घरी शिकवायची गरज पडत नाही.

अशा उभे करण्याने काय होते, त्याचा प्रयोग झालेला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. सोडवतील तेवढे पैसे. ३२१ मुले वरच्या जातींची, ३२१ दलित. जात पुकारली नाही तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी जवळपास सारखी. मग दुसऱ्या गटांत सर्वांसमोर नाव, बापाचे नाव, गाव आणि जात वाचून दाखवली. दलित मुलांची कामगिरी पाचव्या हिश्शाने तरी घसरली. मुलांची डोकी तीच होती आणि कागदही तेच, मध्ये फक्त दोन ओळींची घोषणा. आपल्याकडे ही घोषणा जून ते एप्रिल चालू असते, आणि वर्षाअखेर गुरुजी म्हणतात, या पोरांत मुळात चमकच नाही.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी शिकलेल्या कुणालाही विचारा, त्याला आपला फॉर्म कुणी भरला किंवा भरला नाही हे आठवते. वसमतला जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीला ८० जागा, राहणे-जेवणे-शिक्षण सगळे मोफत. शिष्यवृत्ती परीक्षा आहे. आठवीला एनएमएमएस आहे, ती लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. या परीक्षांचा पेपर यंत्र तपासते आणि यंत्राला आडनाव वाचता येत नाही. पण यंत्रापर्यंत कुणाला जाऊ द्यायचे ते शाळेत ठरते. शाळेचा निकाल पडू नये म्हणून ‘निवडक’ पोरांना बसवायचे, जादा तास त्यांचेच घ्यायचे, आणि उरलेल्यांच्या पालकांना फॉर्मची शेवटची तारीख गेल्यावर कळते. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांना तर कळतच नाही. पुढे निकाल लागतो, गुणवत्तेचा फ्लेक्स लागतो, आणि फ्लेक्सवरची आडनावे पाहून गाव म्हणते, बघा, हुशारी रक्तातच असते.

‘आम्ही जात मानत नाही, आम्हाला सगळी लेकरं सारखी’ हे वाक्य मला शंभरदा ऐकवले गेले आहे आणि बहुतेकांनी ते मनापासून म्हटले आहे. प्रश्न मनाचा नाही. भाषेचेच उदाहरण घ्या. आमच्याकडे सगळेच ‘पानी’ म्हणतात, सगळेच ‘साळा’ म्हणतात, ‘काहून’, ‘मव्हा’, ‘तुव्हा’ हे पाटलाच्या वाड्यातही आहे आणि भीमनगरातही. पाटलाचे पोरगे ‘पानी’ म्हणाले तर गुरुजी हसून म्हणतात, खेड्यातलं आहे, सुधारेल. भीमनगरातले म्हणाले तर, घरचं वळणच नाही. शब्द एकच, निदान दोन. आणि तांड्यावरून आलेले लमाण्यांचे लेकरू किंवा कळमनुरीकडचे आंध आदिवासी लेकरू वर्गात गप्प बसले, तर ते भाषा समजून घेत आहे असे कुणाच्या मनात येत नाही. ते मंद ठरते.

मग त्यातूनही जो वर येतो त्याला शाबासकी कशी मिळते? ‘तुमच्यातला असून चांगलं लिहितोस.’ ‘तू तर वाटतच नाहीस.’ हे ऐकून आनंदाने घरी आलेली पोरे मला माहीत आहेत. त्यांना त्यातली सुरी मोठेपणी लागते.

शिक्षकांची बाजूही आहे. ऑनलाइन माहित्या, बीएलओची ड्युटी, खिचडीचा हिशेब, दोन शिक्षकांवर चार वर्ग. थकलेला माणूस विचार करत नाही, सवयीने ठरवतो, आणि आपल्या समाजात सवय म्हणजे काय हे सांगायला नको. म्हणून कामाचा बोजा कमी करा ही त्यांची मागणी आपलीही असली पाहिजे. पण थकलेल्या हातातून सुटलेला शिक्का नेहमी एकाच बाजूला का पडतो, याचे उत्तर बोज्यात मिळत नाही.

आता जे लिहिणार आहे ते काहींना झोंबेल. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतिबांनी मागणी केली होती की प्राथमिक शाळेचे शिक्षक कष्टकरी शेतकरी समाजातून घडवावेत, कारण धर्माच्या सोवळ्यात राहून पोरांपासून लांब उभा राहणारा ब्राह्मण शिक्षक त्यांच्या गरजा समजू शकत नाही. ती मागणी रास्त होती. दीडशे वर्षांच्या लढ्याने आणि आरक्षणाने आज आपल्या जिल्ह्यात बहुजन शिक्षक आहेत, बौद्ध शिक्षक आहेत, मुख्याध्यापक आहेत, केंद्रप्रमुख आहेत. मग वर्ग बदलला का?

रेमा हॅना आणि ली लिंडेन या संशोधकांचा भारतातलाच एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर वय, लिंग आणि जात चिठ्ठ्या टाकल्यासारखी कशीही लावली आणि शिक्षकांना तपासायला दिल्या. खालची जात लिहिलेल्या पेपरला थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, ते त्यांनीही म्हटले आहे. पण कमी गुण देणारे कोण होते? वरच्या जातीच्या तपासनिसांत हा फरक दिसला नाही. तो खालच्या जातींतून आलेल्या तपासनिसांच्या हातून झाला.

विरोधक हा निष्कर्ष आपल्या तोंडावर फेकतील या भीतीने तो दडवायचा नाही. एका प्रयोगावरून वरच्या जाती निर्दोष ठरत नाहीत. पेपर तपासताना सावध असलेला माणूस ओळी लावताना, फॉर्म वाटताना सावध असतोच असे नाही. पण आपल्याबद्दल तो जे सांगतो ते आपल्याला आधीच माहीत आहे. नांदेडहून किंवा हिंगोलीहून अपडाऊन करणारे, घरात बाबासाहेबांचा मोठा फोटो असणारे, आपली लेकरे इंग्रजी शाळेत घातलेले आपले गुरुजी वस्तीतल्या पालकाला काय म्हणतात? ‘आपल्या लोकांना सुधारायचंच नाही.’ ‘मी शिकलो ना त्याच वस्तीतून, यांना काय झालं?’ वरच्या माणसाने शिकवलेले माप त्याने आपल्या पोराला लावले, आणि ते जास्त घट्ट धरले, कारण ते सोडले तर आपणही त्यांच्यातलेच ठरू ही धास्ती आहे. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेब शिकलेल्यांनी आपल्याला दगा दिला असे म्हणाले, ते आपण नोकरदारांच्या देणग्यांपुरते वापरतो. वर्गात तोच दगा रोज साडेदहा वाजता सुरू होतो. आणि आपल्याच गुरुजींच्या वर्गातल्या मातंगाच्या, पारध्याच्या, मसणजोग्याच्या लेकराला विचारून पाहा, त्याला पुढच्या बाकावर कुणी बोलावले होते. उतरंडीत आपल्या खाली कुणी आहे, या समाधानाला जयंती मंडळाची वर्गणी उतारा नाही.

शिक्षक आपला असणे गरजेचे आहे, पण पुरेसे नाही. त्याचे काम उघडे, तपासता येईल असे असले पाहिजे, मग तो कुणाचाही असो.

इथे आपल्या चळवळीची सवय आड येते. शिवी दिली, मारले, पाणी नाकारले की आपण मोर्चा काढतो, अ‍ॅट्रॉसिटी लावतो, आणि लावलीच पाहिजे. शाळेतल्या मारहाणीला आणि मानसिक छळाला शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ आहे. पण गोड आवाजात केलेल्या निवाड्यावर आपल्याकडे हत्यार नाही, कारण तिथे आरोपी नसतो, साक्षीदार नसतो, फक्त एक वही असते. तेव्हा वहीपाशी जावे लागेल.

कायद्याने वाट ठेवली आहे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात. जिल्ह्यात साधारण चौथा माणूस अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा आहे. आपल्या गावच्या समितीत या जागांवर कोण आहे? बऱ्याच ठिकाणी वस्तीतली एखादी बाई असते, जिचा अंगठा घरी येऊन नेला जातो. तिच्या शेजारी बसणारा वस्तीतला एक बी.ए. झालेला पोरगा पुरे आहे. त्याने समितीत तीन प्रश्न विचारावेत: नवोदय, शिष्यवृत्ती आणि एनएमएमएसला कोण बसले, कोण बसले नाही, आणि जे बसले नाही त्यांच्या पालकांना कधी व कसे कळवले. उत्तर ठराव-वहीत लिहून घ्यावे. शिष्यवृत्तीची कागदपत्रे वर्गात पुकारून न मागता पालकांना चिठ्ठीने किंवा फोनवर मागावीत, असा ठराव करायला एक पैसा खर्च नाही. केंद्रातल्या दोन शाळांनी संकलित चाचणीचे पेपर नावाऐवजी क्रमांक टाकून एकमेकांकडे तपासायला पाठवणे, हे केंद्रप्रमुखाला मनात आणले तर होते. आपले केंद्रप्रमुख आहेत ना? मग पहिली सुरुवात त्यांच्या केंद्रात व्हावी. आणि मुलाच्या नोंदी दाखवायला शाळा तयार नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच मान्य केला आहे.

हे आता टाळता येणार नाही, कारण शिक्क्याला पुन्हा दात आले आहेत. २०१९ ला शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली, आणि राज्यात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा परत आली. नापास झाला तर पुन्हा परीक्षा, तिथेही नापास झाला तर त्याच वर्गात. चार वर्षे मागच्या ओळीत बसवलेले, ‘शांत बसतो’ म्हणून पुढे ढकललेले लेकरू पाचवीला अडकणार, आणि तेव्हा त्याचा दोष लिहायला नोंदवहीत चार वर्षांची वाक्ये तयार असणार. मुलगी असेल तर घरात पुढची बोलणी सुरू होतील.

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर लगेच उठू नका. वस्तीतल्या पाचवी आणि आठवीच्या लेकरांची मागच्या दोन वर्षांची प्रगतिपत्रके आणायला सांगा. ‘सुधारणा आवश्यक’च्या रकान्यातले वाक्य दोन्ही वर्षी तेच आहे का बघा. तेच असेल, तर मधल्या वर्षात शाळेने काय केले हा प्रश्न मुख्याध्यापकांना लेखी विचारा, आणि पोच घ्यायला विसरू नका.

जय भीम!